संस्थेचं सॉफ्टवेअर घ्यायच्या आधी माहितीची मांडणी कशी ठरवायची? (७ शाळा + ज्युनिअर कॉलेज)

खडू_फळा

नमस्कार मंडळी. थोडं सविस्तर लिहितेय, कारण डोकं अक्षरशः बधिर झालंय.

आमची संस्था तालुक्याच्या गावातली. दोन प्राथमिक, चार माध्यमिक, एक इंग्लिश मीडियम आणि एक ज्युनिअर कॉलेज. मी माध्यमिकला गणित शिकवते, कॉम्प्युटरचं बऱ्यापैकी येतं म्हणून सचिव सरांनी सॉफ्टवेअरचं काम माझ्याकडे दिलंय. मागच्या मीटिंगला एका कंपनीने डेमो दिला, पालकांसाठी ॲप, फी ऑनलाईन, हजेरी मोबाईलवर, बस कुठे आहे ते नकाशावर, संचालक मंडळ एकदम खूश. दिवाळीनंतर ऑर्डर द्यायची ठरतंय. कंपनीने ३४ कॉलमची एक एक्सेल फाईल पाठवलीये, "मॅडम एवढा डेटा भरून द्या, बाकी आम्ही बघतो" म्हणाले.

मी भरायला बसले आणि तिसऱ्या दिवशी अडकले. एक उदाहरण देते. आमच्याकडे अकरावीला एक मुलगी आहे, पहिलीपासून आमच्याच आवारात शिकलेली. प्राथमिकच्या जनरल रजिस्टरला (प्रवेशाची नोंदवही) तिचा नंबर वेगळा, चौथी झाल्यावर तिथला दाखला काढून पाचवीला माध्यमिकला आली तिथे वेगळा, आणि ज्युनिअर कॉलेजला तिसरा. नाव पहिलीत "मनिषा", पाचवीत "मनीषा". फीच्या वहीत ती वडिलांच्या नावाखाली आहे कारण तिचा भाऊ पण आमच्याकडेच आहे आणि पावती दोघांची एकत्र फाडतात. वसतिगृहाच्या वहीत नुसतं "मनीषा, खोली ६". मग ३४ कॉलमच्या फाईलमध्ये ही मुलगी एक ओळ की तीन ओळी? कंपनीला विचारलं तर म्हणाले जी.आर. (म्हणजे जनरल रजिस्टरचा) नंबर टाका. कुठला?

माझा भाचा पुण्यात आयटीत आहे, तो म्हणाला मावशी, आधी माहितीची मांडणी म्हणजे इन्फर्मेशन आर्किटेक्चर करून घे, मग सॉफ्टवेअर बघ. शब्द छान आहे पण करायचं काय, कुठून सुरू करायचं, किती दिवस लागतात, कोणाला बसवायचं सोबत, काहीच कळत नाहीये. ज्यांनी असं काही केलंय त्यांनी प्लीज सांगा.

---

दुसरा_मजला

मॅडम, तिसऱ्याच दिवशी थांबलात हे फार बरं केलंत. मी अकरा वर्षं संस्थांना आणि कारखान्यांना सॉफ्टवेअर बसवून द्यायचंच काम करतोय, आणि तुम्ही विचारलेला प्रश्न (एक ओळ की तीन) हाच सगळ्यात महत्त्वाचा आहे. लोक तो विचारत नाहीत, फाईल भरून देतात, आणि दोन वर्षांनी रडत येतात. एका ठिकाणी आम्ही जाईपर्यंत ३ शाळांचा डेटा आत गेलेला होता, एकेका मुलाच्या दोन-तीन नोंदी, कुठल्या नोंदीवर फीची बाकी आहे आणि कुठल्या नोंदीवरून दाखला निघालाय हे शोधायला दोन क्लार्क अख्खी उन्हाळ्याची सुट्टी बसले होते. त्यात सॉफ्टवेअर वाईट होतं असं नाही, त्याला जे दिलं ते त्याने ठेवलं.

तर उत्तर : मुलगी एक, प्रवेश तीन. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुमच्या मांडणीत त्या वेगळ्याच राहायला हव्यात. "विद्यार्थी" म्हणजे ती व्यक्ती, तिचं नाव, जन्मतारीख, आईवडील. "प्रवेश" म्हणजे ती कुठल्या शाळेत कुठल्या तारखेला आली, तिथला जी.आर. नंबर काय, कधी दाखला घेऊन गेली. जी.आर. नंबर हा मुलीचा नाही, प्रवेशाचा आहे. हे एकदा पटलं की निम्मा गुंता सुटतो, मग कंपनीला पहिला प्रश्न हाच विचारा, तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये एका विद्यार्थ्याला एकापेक्षा जास्त प्रवेश जोडता येतात का? "येतील, करून देऊ" म्हणाले तर तिथल्या तिथे मनीषाचं उदाहरण देऊन करून दाखवायला सांगा.

मग त्या मुलीला तुमच्या संस्थेचा एक स्वतःचा क्रमांक लागेल जो पहिलीपासून बारावीपर्यंत बदलणार नाही. तो नुसता ओळीने येणारा आकडा ठेवा. त्यात वर्ष, शाळा, तुकडी, जात, काही कोंबू नका. मोह होतो, मला माहितीये, नंबर बघून शाळा कळली तर किती सोयीचं वाटतं. यूडायसचा (सरकारच्या शाळांच्या माहिती-यादीचा) ११ आकडी कोड तसा आहेच, पहिले दोन राज्याचे (आपले २७), मग जिल्हा, तालुका, गाव, शेवटचे दोन शाळेचे. शाळेला ते चालतं, शाळेची इमारत सहसा तालुका बदलत नाही. पण माणूस बदलतो हो. मुलगी माध्यमिकमधून इंग्लिश मीडियमला गेली की तिचा नंबर खोटं बोलायला लागतो. आधार नंबर पण मुख्य क्रमांक म्हणून वापरू नका, काही मुलांचं आलेलं नसतं, काहींचं चुकीचं असतं, आणि तो प्रत्येक यादीवर छापून फिरवायची गोष्टच नाही.

नावाबद्दल जरा जास्त लिहितो कारण महाराष्ट्रात इथे सगळे फसतात. "पूर्ण नाव" असा एकच कॉलम ठेवला तर ताबडतोब तोडा. शासनाच्या मार्च २०२४ च्या निर्णयाप्रमाणे १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांचं नाव स्वतःचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव या क्रमाने लिहायचंय. ही मुलं २०३० च्या आसपास तुमच्या पहिलीत बसणार, बालवाडीत तर त्याच्या कितीतरी आधी. तेव्हा तुमच्याकडे जुन्या क्रमाची दहावीची मुलं पण असतील आणि नव्या क्रमाची पहिलीची पण. चार तुकडे चार वेगळ्या कॉलममध्ये ठेवलेत तर छापताना कुठलाही क्रम लावता येतो, एकत्र ठेवलेत तर आडनाव कुठलं आणि आईचं नाव कुठलं हे नंतर कुठलंच सॉफ्टवेअर खात्रीने सांगू शकत नाही.

दुसरं, मराठी टायपिंग. जुन्या याद्या श्रीलिपी किंवा तसल्या फॉन्टमध्ये असतील तर त्या आधी युनिकोडमध्ये (सगळ्या कॉम्प्युटरवर सारखी चालणारी पद्धत) आणा, नाहीतर नव्या सिस्टीममध्ये नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसेल. आणि युनिकोडमध्ये असल्या तरी निर्धास्त होऊ नका. "ॲ" दोन पद्धतीने टाईप होतो, एकदा सबंध एक अक्षर म्हणून आणि एकदा "अ" वर चंद्र देऊन. "कुऱ्हाडे" मधला तो आडवा र पण तसाच दोन रीतींनी येतो. डोळ्याला दोन्ही सेम, कॉम्प्युटरला वेगवेगळे, त्यामुळे शोधलं की मुलगा सापडतच नाही आणि क्लार्क बिचारा नवीन नोंद करून मोकळा होतो. आत घ्यायच्या आधी सगळं एका पद्धतीत करून घ्यायला कंपनीला लेखी सांगा.

३४ कॉलमचं पण बघा एकेक, यातला कुठला कोण वापरणार आणि कशासाठी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. ज्या कॉलमचा उपयोग कोणालाच सांगता येत नाही तो गोळाच करू नका.

---

जुनं_दप्तर

ताई, मी एका माध्यमिक शाळेत हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो. वरच्या सरांनी लिहिलंय ते बरोबरच आहे, मी ऑफिसच्या बाजूचं सांगतो.

जनरल रजिस्टर म्हणजे नुसती यादी नाही. त्यातलं नाव, जन्मतारीख, जात क्लार्कला आपल्या मनाने बदलता येत नाही, शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. आता तुमच्या ॲपमध्ये वर्गशिक्षकाने मोबाईलवरून "मनिषा" चं "मनीषा" केलं, चांगल्या हेतूनेच केलं, तर उद्या कॉम्प्युटरवरून निघालेला दाखला आणि रजिस्टर जुळणार नाही आणि त्या पोरीला दहावीच्या सर्टिफिकेटपासून सगळीकडे त्रास. म्हणून कुठली माहिती कोणाची हे आधी ठरवा. मी तर म्हणेन मोठ्या कागदावर लिहा. नाव जन्मतारीख जात, मालक जनरल रजिस्टर, बदलणार फक्त मुख्य लिपिक, आदेशाचा नंबर आणि तारीख टाकल्याशिवाय बदल होणार नाही. पत्ता आणि फोन, मालक वर्गशिक्षक, कधीही बदला. फीची बाकी, मालक कॅशियर. हजेरी, मालक ज्याच्याकडे कॅटलॉग तो. एका माहितीला दोन मालक झाले की दोघंही ती सांभाळत नाहीत, हे तीस वर्षांत बघितलंय.

आणि जुन्या मुलांचं काय करणार ते पण विचार करा. कंपनीवाले म्हणतील चालू पट द्या फक्त. पण आमच्या खिडकीवर रोज येणारी निम्मी माणसं माजी विद्यार्थी असायची, त्यांची मुलं, नातवंडं. ओबीसीच्या जात पडताळणीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा बघतात, एससीला १० ऑगस्ट १९५०, विमुक्त भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१. त्या काळचा पुरावा गरिबाकडे कुठून असणार? आजोबांच्या नावाची शाळेच्या रजिस्टरातली एक ओळ, बस. २०२३ ला शिंदे समितीचं काम सुरू झालं तेव्हा कुणबी नोंदींसाठी शाळाशाळांची जुनी रजिस्टरं काढली, काही मोडी लिपीत होती, वाचणारे शोधावे लागले.

एक प्रसंग सांगतो. एक म्हातारे गृहस्थ आले, वडिलांची नोंद पाहिजे, साल नक्की नाही, साधारण पन्नासच्या आसपास म्हणाले. आमच्याकडे त्या काळची नऊ रजिस्टरं, पानं हात लावला की तुटायची. पण माझ्या आधीच्या कुठल्यातरी क्लार्कने, नाव पण माहीत नाही मला त्यांचं, प्रत्येक रजिस्टराच्या मागे आठ-दहा पानं शिवून आडनावाच्या पहिल्या अक्षराने सूची केली होती, निळ्या शाईत, सुंदर अक्षर. "ग" चं पान काढलं, पाच मिनिटात नोंद सापडली. ते गृहस्थ तिथे बाकावर बसून रडले. सूची नसती तर दोन दिवस लागले असते आणि कदाचित मी पण "सापडत नाही" म्हणून पाठवून दिलं असतं.

तेव्हा जुन्या रजिस्टरांची सगळी माहिती टाईप करत बसू नका, जमणार नाही. पानाचा फोटो काढा आणि फक्त आडनाव, नाव, जी.आर. नंबर, प्रवेशाचं वर्ष एवढीच सूची करा. आणि मूळ रजिस्टर कधीही, कोणीही सांगितलं तरी, फेकू नका.

---

खजिनदार_७२

सगळ्यांचा अनुभव मोठा आहे, मान्य, पण जरा वेगळं बोलतो. मी एका ट्रस्टचा खजिनदार आहे. असं प्लॅनिंग करत बसलं की कामं सुरूच होत नाहीत, हे मी डोळ्यांनी बघितलंय. आमच्याकडे एका समितीने आठ महिने फॉर्म आणि कॉलम ठरवले, तेवढ्यात अध्यक्ष बदलले आणि फाईल कपाटात गेली. मॅडमवर पण तीच वेळ येईल. माझं मत, एक शाळा घ्या, फक्त फी सुरू करा, पैसा दिसायला लागला की मंडळ पुढचं सगळं मंजूर करतं. बाकी हळूहळू होतं.

---

दुसरा_मजला

साहेब तुमचा मुद्दा खरा आहे, आठ महिने कोणीच घालवू नयेत. तीन आठवडे खूप झाले. पण फी "फक्त" सुरू करता येत नाही ना, पावती कोणाच्या नावाने फाडणार? तिथे विद्यार्थी आलाच, भाऊ-बहीण आले, पालक आले. म्हणून मी दोन भाग करतो. ज्या गोष्टी नंतर बदलायला फार महाग पडतात त्या आधी ठरवायच्या : विद्यार्थी आणि प्रवेश वेगळे, संस्थेचा क्रमांक, नावाचे चार भाग, कुठल्या माहितीचा मालक कोण, आणि वर्ष कसं लिहायचं. बाकी मेनू कसा दिसेल, रिपोर्ट कुठले, ॲपचा रंग, ते चालता चालता बदलतं, त्यावर मीटिंग घेऊच नका. एक शाळा आधी घ्यायची हे मात्र शंभर टक्के पटलं.

---

खजिनदार_७२

हं. वर्षाचा मुद्दा काढलात ते बरं झालं, तिथे आम्ही स्वतः अडकलो होतो. शाळेचं वर्ष जूनला सुरू होतं, हिशोबाचं एप्रिल ते मार्च. २०२४-२५ ची राहिलेली फी पालकाने एप्रिल २०२५ ला भरली. शाळा म्हणते ही २०२४-२५ ची, ऑडिटर म्हणतो जमा २०२५-२६ ला धरा, दोघंही बरोबर. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये "वर्ष" असा एकच रकाना होता. शेवटी मार्चअखेर ताळेबंद जुळवायला हाताने याद्या कराव्या लागल्या. तेव्हा मॅडम, पावतीवर तीन गोष्टी वेगळ्या ठेवा, पैसे आले ती तारीख, कुठल्या शैक्षणिक वर्षाची फी, आणि कुठल्या महिन्याची किंवा सत्राची. आर्थिक वर्ष तारखेवरून आपोआप निघतं, ते वेगळं भरायची गरजच नाही. आणि हो, भावंडांची एकत्र पावती चालेल पण आत रक्कम प्रत्येकाची वेगळी दिसली पाहिजे, नाहीतर एकाने मध्येच शाळा सोडली की गोंधळ.

माझं आधीचं म्हणणं थोडं मागे घेतो, तीन आठवडे द्या मंडळाने.

---

गाव_नमुना_सहा

मी महसूल खात्यात होतो, शाळेचं काही कळत नाही, पण हा धागा वाचून राहवेना म्हणून लिहितोय.

तलाठ्याचं दप्तर बघा कधीतरी. गाव नमुने १ ते २१, प्रत्येकाचं काम ठरलेलं. लोकांना सात-बारा माहीत असतो, तो म्हणजे नमुना ७ आणि नमुना १२ एकत्र, जमीन कोणाच्या नावावर आणि त्यात पीक काय. नमुना ८-अ म्हणजे तीच माहिती पण खातेदाराच्या बाजूने, एका माणसाच्या नावावर गावात एकूण किती जमीन. आणि नमुना ६ म्हणजे फेरफार, कोणता बदल कधी, कशामुळे, कोणाच्या अर्जावरून झाला आणि कोणी मंजूर केला. सात-बारावर नाव असंच बदलत नाही, आधी फेरफार पडतो, नोटीस निघते, मंडळ अधिकारी प्रमाणित करतात, मग सात-बाऱ्याला अंमल लागतो आणि नावाशेजारी फेरफार नंबर येतो. कॉम्प्युटर यायच्या कितीतरी आधीची ही मांडणी आहे. आजची स्थिती एका ठिकाणी, बदलाचा इतिहास दुसऱ्या ठिकाणी, दोघांना जोडणारा नंबर.

वर हेडक्लार्क साहेबांनी आदेशाचा नंबर टाकल्याशिवाय बदल नको म्हटलंय ना, तो तुमचा फेरफार. तुमच्या सॉफ्टवेअरला एक नमुना सहा पाहिजेच. तुकडी बदलली, पत्ता बदलला, नाव दुरुस्त झालं, जुनं काय होतं, नवीन काय, कोणी केलं, कशाच्या आधारे. जुनं पुसून नवीन लिहिणारं सॉफ्टवेअर घेऊ नका.

दुसरी गोष्ट, आमच्या नगरची. १९८० च्या दशकात अनिलकुमार लखिना तिथे कलेक्टर होते, त्यांनी कचेरीतलं दप्तर अख्खं उपसलं. निकामी कागद बाजूला, कामाचं रेकॉर्ड वर्गवारीने लावून, कुठल्या टेबलावर कुठलं काम आणि लोकांनी कुठे जायचं हे ठरवून मग कार्यालयाची बसायची रचनाच बदलली. "लखिना पॅटर्न" म्हणून पुढे राज्यभर नाव झालं. टेबलावर एक कॉम्प्युटर नव्हता तेव्हा. सरकारी रेकॉर्डला आजही वर्ग असतात, अ म्हणजे कायम ठेवायचं, ब तीस वर्षं, क दहा, क-१ पाच, ड एक वर्ष. तुम्ही पण ठरवा. जनरल रजिस्टर कायम. आणि सहलीचं संमतीपत्र? ते दहा वर्षं सर्व्हरवर कशाला.

तिसरी आणि शेवटची. सात-बारा कॉम्प्युटरवर घेतल्यावर हस्तलिखिताशी न जुळणारे हजारो निघाले, तेव्हा २०१७ ला गावोगाव चावडी वाचन केलं. लोकांना बोलावून त्यांच्यासमोर सात-बारा वाचायचा, चूक असेल त्याने तिथेच सांगायचं. ऑफिसात बसून जे दहा वेळा तपासून सापडत नाही ते ज्याचं नाव आहे तो माणूस एका सेकंदात सांगतो. तुमच्या मुलांसमोर यादी वाचा.

---

वर्गांक_आणि_दाखलांक

छोटीशी भर. मी सार्वजनिक ग्रंथालयात ग्रंथपाल आहे. आमच्याकडे प्रत्येक पुस्तकाला दोन नंबर असतात, दाखल क्रमांक आणि वर्गांक. दाखल क्रमांक पुस्तक आलं त्या ओळीने, एकदा दिला की पुस्तक फाटून रद्द झालं तरी दुसऱ्याला देत नाही. वर्गांक विषयाचा, पुस्तक कुठल्या कपाटात ते सांगणारा, विषय चुकला असेल तर बदलतो. दुसरा_मजला सरांनी संस्थेचा क्रमांक आणि प्रवेश वेगळे ठेवा म्हटलं तेव्हा मला हेच आठवलं. आणि एक विनंती, शाळा सोडून गेलेल्या मुलाचा क्रमांक रिकामा झाला म्हणून नवीन मुलाला देऊ नका. कंपन्यांना हे सांगावं लागतं, आम्हाला सांगावं लागलं.

शब्दांचा पण एक कोश करा दोन पानांचा. "वर्ग" म्हणजे इयत्ता, की तुकडी, की खोली?

---

खडू_फळा

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, तीन आठवड्यांनी लिहितेय, जे जे सांगितलंत ते करूनच आले.

सचिव सरांना हा धागा छापून वाचायला दिला. त्यांनी मंडळाला सांगून ऑर्डर जानेवारीपर्यंत पुढे ढकलली. मग दोन शनिवार दुपारच्या सुट्टीनंतर चित्रकलेच्या हॉलमध्ये आठही ऑफिसचे क्लार्क, कॅशियर, वसतिगृहाच्या ताई आणि आमचे शिपाई मामा (दाखल्याचं कपाट त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नाही) असे बसलो. प्रत्येकाने आपल्या वह्या आणल्या, जमिनीवर सतरंजीवर मांडल्या. एकूण २३ प्रकारच्या वह्या निघाल्या. मी एकेका मुलाचं नाव घ्यायचे आणि ते नाव कुठल्या कुठल्या वहीत आहे ते सगळ्यांनी हात वर करून सांगायचं. मनीषा अकरा वह्यांत निघाली. तिचा पत्ता चार ठिकाणी, त्यातले दोन जुने, घर बदलून पाच वर्षं झालीत तिला.

ग्रंथपाल ताई, शब्दांचं तुम्ही अगदी बरोबर बोललात. "तुकडी" हा शब्द माध्यमिकवाले अ, ब, क साठी वापरतात, ज्युनिअर कॉलेजवाले कला, वाणिज्य, विज्ञान साठी पण तुकडीच म्हणतात, आणि ऑफिसात संचमान्यतेच्या (शिक्षकांची पदं मंजूर व्हायच्या) कागदांवर तुकडीचा हिशोब तिसराच. एक तास त्यावरच गेला, पण कोणी भांडलं नाही, उलट सगळ्यांना नवलच वाटलं की इतकी वर्षं आपण एकमेकांशी वेगळंच बोलत होतो. आता इयत्ता, तुकडी, शाखा असे तीन शब्द पक्के केलेत आणि हॉलच्या फळ्यावर लिहून ठेवलेत.

मालकांचा तक्ता केला. सगळ्यात अवघड फोन नंबरचं झालं, वर्गशिक्षक म्हणतात आम्ही बदलणार, कॅशियर म्हणतात फीसाठी मला फोन करायचा असतो मीच बदलणार. शेवटी वर्गशिक्षक मालक, कॅशियरने नवीन नंबर कळला तर वर्गशिक्षकाला कळवायचा. ३४ पैकी १३ कॉलम काढून टाकले, त्यात पालकांचं वार्षिक उत्पन्न सगळ्यांनाच विचारलेलं होतं, ते आता शिष्यवृत्तीचा अर्ज करणाऱ्यांपुरतंच. कंपनीच्या माणसाला मनीषाचं उदाहरण करून दाखवायला सांगितलं, त्यांना एका विद्यार्थ्याला तीन प्रवेश जोडता आले नाहीत, महिनाभरात बदल करून आणतो म्हणाले. तोपर्यंत दुसऱ्या दोन कंपन्यांना पण बोलावलंय, तिघांनाही हेच उदाहरण. सगळी माहिती आम्हाला हवी तेव्हा साध्या एक्सेलमध्ये परत मिळाली पाहिजे ही अट पण लेखी टाकतोय.

आणि चावडी वाचन केलं! पाचवी अ पासून सुरुवात. ५२ मुलं. मी रजिस्टर घेऊन उभी, एकेकाचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख वाचायची, मुलाने उभं राहून हो किंवा नाही म्हणायचं, आणि संध्याकाळी तीच चिठ्ठी घरी सहीला. वर्गात सहा चुका निघाल्या, चिठ्ठ्या परत आल्यावर अजून तीन. नवातल्या पाच नुसत्या टायपिंगच्या, मूळ रजिस्टर बरोबर होतं. पण चार रजिस्टरातच चुकलेल्या आहेत. एका मुलीच्या आईचं नावच दुसरं आहे, ती वर्गात काही बोलली नाही, तास संपल्यावर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "बाई, ते आत्याचं नाव आहे." पहिलीत प्रवेश घ्यायला आत्या आली होती.

जुनं_दप्तर काका, या चौघांचं काय करायचं? आत्ताच दुरुस्त करायचं की दहावीच्या फॉर्मच्या वेळेला बघायचं, ऑफिसात दोन मतं आहेत.

---

जुनं_दप्तर

आत्ताच करा ताई, दहावीची वाट बघू नका. मूल शाळेत असेपर्यंत दुरुस्ती होते, एकदा शाळा सोडली की फार अवघड जातं. पालकांचा अर्ज, मुलीचा जन्मदाखला, रजिस्टरच्या त्या पानाची प्रत आणि मुख्याध्यापकांचं पत्र लावून प्रस्ताव शिक्षणाधिकारी कार्यालयात पाठवा. तिचा आधीचा दाखला प्राथमिकचा आहे, तिथल्या रजिस्टरला पण हीच चूक असणार, तर दोन्ही शाळांचा उल्लेख एकाच प्रस्तावात होतो का ते तिथल्या बाबूंना आधी विचारून घ्या. मंजुरी आली की लाल शाईने आदेशाचा नंबर आणि तारीख लिहून मुख्याध्यापकांची सही, जुनं नाव वाचता येईल असं एकच रेघ मारून ठेवायचं, खोडायचं नाही.

आणि बाकीच्या तुकड्यांचं वाचन पण याच वर्षी उरकून घ्या, नववीपासून सुरू करा, त्यांच्याकडे दिवस कमी आहेत.